पोवळे, शैवाल आणि रंगीत मासे : सागरतळाच्या एका वस्तीची ओळख



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ अशी व्याख्याने योजली जातात, त्यांच्या पिढीची एक धारणा होती. जे आपल्या दारात नाही तेही मुलांच्या डोळ्यांसमोर उभे करता आले पाहिजे, असे ती पिढी मानत असे. खेड्यातल्या शाळेत फळ्यावर खडूने काढलेल्या नकाशातून हिमालय आणि ज्वालामुखी शिकवणारे शिक्षक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. त्याच धारणेला स्मरून आज समुद्राच्या तळाचा विषय घेतला आहे. मी भाषेचा अभ्यासक आहे, प्राणिशास्त्राचा नव्हे. परंतु या विषयात शास्त्राइतकाच शब्दांचाही संबंध येतो. एखाद्या वस्तूला आपण काय म्हणतो यावर तिच्याशी आपण कसे वागतो हे पुष्कळ अंशी ठरते. पोवळे हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

१. शब्दांतला समुद्र

आपल्या भागातील मराठीत समुद्राचा अनुभव थोडा. समुद्राचे शब्द मात्र उदंड. भवसागर, दयासागर, करुणासिंधू हे शब्द समुद्र न पाहिलेल्या माणसाच्याही तोंडी सहज येतात. मुकुंदराजांचा जो ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो, त्याचे नावच ‘विवेकसिंधू’ आहे. समुद्र ही आपल्याकडे अथांगपणाची उपमा झाली. त्याच्या पोटात काय आहे, या प्रश्नाला परंपरेने एका शब्दात उत्तर दिले : रत्ने. म्हणून तो रत्नाकर.

त्या रत्नांपैकी एक पोवळे. नवरत्नांत ते मंगळाचे रत्न म्हणून गणले जाते. ‘पोवळे’ हा शब्द संस्कृत ‘प्रवाल’ या शब्दापासून आला, आणि ‘प्रवाल’ याचा एक अर्थ आहे कोवळा अंकुर, नवी पालवी. पोवळ्याला संस्कृतात ‘विद्रुम’ असाही शब्द आहे. त्यातील ‘द्रुम’ म्हणजे वृक्ष. ही नावे देणाऱ्यांच्या मनात पोवळे हे समुद्रातले झाडच होते, असे या शब्दांवरून दिसते. पुढे ते सोनाराच्या तराजूत गेले आणि लोकांच्या लेखी दगड झाले.

युरोपातील विद्वानांचीही समजूत फारशी वेगळी नव्हती. तेथेही पोवळे ही वनस्पती मानली जाई आणि तिच्या फांद्यांवर पाण्यात उमलणारी पांढरी ‘फुले’ विद्वान वर्णन करीत. १७२० च्या दशकात मार्सेय येथील पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने निरीक्षणाने दाखवून दिले की ती फुले नसून लहान प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ते म्हणणे तेव्हा मान्य केले नाही. वीसएक वर्षांनी गोड्या पाण्यातील तशाच एका जीवावर झालेल्या संशोधनानंतर विद्वानांचे मत पालटले. पोवळे हा प्राणी आहे, ही गोष्ट म्हणजे केवळ तीनशे वर्षांची जाण होय.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अंगठीतले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने, भारतातील लोकांना पोवळ्याचे मोल रोमनांच्या मोत्यांइतके वाटते, अशा आशयाची नोंद केली आहे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातून पोवळी भारतात येत आणि त्यांच्या बदल्यात भारतातून हिरे जात. हे तांबडे पोवळे अंधूक प्रकाशात वाढते आणि मोठमोठे खडक रचीत नाही. आज आपण ज्यांचा विचार करणार आहोत ते खडक रचणारे प्रवाळ याच मोठ्या कुळातले, पण उष्ण, उथळ आणि उजेडाच्या पाण्यात राहणारे आहेत.

आपल्या मध्य प्रदेशालाही कधीकाळी समुद्र होता, हे या ओघात सांगण्याजोगे आहे. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. धार जिल्ह्यातील बाघ परिसरात त्याने मागे ठेवलेले चुनखडक आजही दिसतात. त्यांतील एका थराला भूशास्त्रज्ञांनी ‘प्रवाळी चुनखडक’ असे नाव दिले. प्रत्यक्षात त्या थरात प्रवाळ नव्हेत, तर त्यांच्यासारखे दिसणारे ब्रायोझोआ नावाचे निराळेच जीव विपुल आहेत. नाव मात्र रूढ झाले ते झालेच.

२. प्राण्याच्या पोटी वनस्पती

प्रवाळाचा एकेक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, तो बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो. वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारख्या स्पर्शिकांचे कडे, आणि खाली पिशवीसारखे शरीर. हा जीव समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपल्या बुडाशी चुन्याची वाटी तयार करतो आणि तिच्यात बसतो. एका जीवाला कोंब फुटून दुसरा होतो, दुसऱ्याला तिसरा. अशा हजारो वाट्या एकमेकींना चिकटून एक ढीग किंवा एक झुडूप तयार होते. जुने जीव मरतात, त्यांच्या चुन्यावर नवे बसतात. गावातल्या जुन्या वाड्याच्या जोत्यावर नातवाने घर बांधावे, तद्वत ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या वर चढत जाते. ढिगाच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे काही प्रवाळ दहा सेंटिमीटरांपर्यंत. म्हणजे कमरेएवढा एक ढीग नांगराच्या घावाने मिनिटात फुटला, तर तो भरून यायला एक माणसाचे आयुष्य पुरत नाही.

आता या कथेतील सर्वांत नवलाचा भाग. प्रवाळाला वनस्पती समजणारे प्राचीन लोक पूर्णपणे चुकले नव्हते. प्रवाळ प्राणी खरा, पण त्याच्या शरीराच्या पेशींत अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. शास्त्रज्ञ त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा भाग यजमानाला देते. खडक रचणाऱ्या अनेक प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी भागते. मोबदल्यात प्रवाळ त्या शैवालाला सुरक्षित जागा, कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या उत्सर्गातील नत्र व स्फुरद देतो. आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत जिवाणू राहून नत्र पुरवतात, तोच देवघेवीचा न्याय येथे आहे. प्रवाळाच्या अंगावर दिसणारा तपकिरी, सोनेरी किंवा हिरवट रंगही मुख्यत्वे या पाहुण्याचाच असतो. प्रवाळाचे स्वतःचे अंग जवळजवळ पारदर्शक असते.

या भागीदारीमुळेच प्रवाळांच्या अटी ठरतात. शैवालाला उजेड हवा, म्हणून पाणी उथळ व स्वच्छ हवे. पाणी उबदार हवे; साधारणतः तेवीस ते एकोणतीस अंश सेल्सियस त्यांना मानवते. गोड्या पाण्याचा लोंढा आणि गाळ त्यांना सोसत नाही, कारण गाळ उजेड अडवतो आणि पॉलिपांची तोंडे बुजवतो. १८४२ साली चार्ल्स डार्विन यांनी प्रवाळखडकांच्या रचनेवर ग्रंथ लिहून किनाऱ्याला लगटून असणारे खडक, किनाऱ्यापासून दूर असणारी भिंत आणि मध्ये सरोवर असणारे कंकणाकृती बेट, असे तीन प्रकार उलगडून सांगितले. आपले लक्षद्वीप हे तिसऱ्या प्रकारचे.

उष्ण कटिबंधातील स्वच्छ निळे पाणी हे खरे तर पोषणद्रव्यांच्या दृष्टीने गरीब पाणी असते. अशा पाण्यात सागरतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापून प्रवाळखडक सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींना आसरा देतात. अन्न वाया न घालवता ते एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात फिरवण्याच्या सवयीतून ही समृद्धी आली आहे.

३. समुद्रातील वनस्पती

प्रवाळांच्या पोटातील शैवाल डोळ्यांना दिसत नाही. दिसणाऱ्या सागरी वनस्पतींचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतील : मोठी शैवाले, समुद्री गवत आणि कांदळवन.

मोठ्या शैवालांना खरी मुळे, खोड, पाने नसतात. ती खडकाला घट्ट धरून राहतात आणि सर्वांगाने पाण्यातून पोषण घेतात. रंगावरून त्यांचे हिरवी, तपकिरी आणि तांबडी असे गट पडतात. मालवणच्या खडकांवर पावसाळा सरल्यानंतर सरगॅसम नावाच्या तपकिरी शैवालाचे दाट ताटवे वाढतात. त्याच्या फांद्यांवर मिरीच्या दाण्यांएवढे हवेने भरलेले फुगे असतात, त्यामुळे झुडूप पाण्यात उभे राहते. माशांची पिल्ले या झुडपांत लपतात. तांबड्या शैवालांपैकी काहींच्या अंगात चुना साठतो. अशी शैवाले प्रवाळांचे सुटे तुकडे एकमेकांना सांधतात. प्रवाळांनी विटा रचाव्या आणि या शैवालांनी दर्जा भराव्या, असे ते काम आहे.

समुद्र न पाहिलेल्या घरांतही ही शैवाले पोचलेली आहेत. किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून जे पांढरे तंतू मिळतात आणि ज्यांची खीर किंवा जेली करतात, ते तांबड्या शैवालांपासून काढलेले अगर होय. १८११ साली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला समुद्री शैवालाच्या राखेतूनच आयोडीन सापडले. समुद्रापासून दूरच्या डोंगराळ प्रदेशांत ज्याच्या अभावी गलगंड होतो, ते हे द्रव्य. आज मिठातून ते आपल्या प्रत्येकाच्या ताटात येते.

समुद्री गवत मात्र शैवाल नव्हे. जमिनीवरून पुन्हा समुद्रात गेलेल्या या खऱ्याखुऱ्या सपुष्प वनस्पती आहेत. त्यांना मुळे आहेत, शिरा आहेत, आणि त्यांचे परागण पाण्याखाली होते. मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी येथे त्यांची मोठी कुरणे आहेत. त्यांवर चरणारा शांत सस्तन प्राणी म्हणजे डुगाँग किंवा समुद्रगाय. तिच्यासाठी तामिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरांचे राखीव क्षेत्र घोषित केले. असे ते देशातील पहिलेच.

तिसरा वर्ग कांदळवनाचा. भरतीच्या खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभी राहणारी ही झाडे. कोकणात तिवर, चिप्पी, कांदळ अशी त्यांची नावे आहेत. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ही झाडे जमिनीवरून येणारा गाळ आपल्या मुळांत अडवतात, आणि त्यामुळे पुढचे पाणी निवळते. कांदळवन, गवताचे कुरण आणि प्रवाळखडक ही एकाच घराची पडवी, ओटी आणि माजघर आहेत. कित्येक मासे बालपण पहिल्या दोहोंत काढून प्रौढपणी तिसऱ्यात राहायला जातात.

४. माशांचे रंग कशासाठी?

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेतून विदर्भ-महाकोशलातील कित्येकांनी पहिल्यांदा रंगीत मासे पाहिले. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न येई, की हा एवढा थाट कोणासाठी? उत्तर एक नाही.

प्रथम पाण्यातील उजेड समजून घेतला पाहिजे. सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पाण्यात लवकर शोषला जातो. दहाएक मीटर खाली तो जवळजवळ उरत नाही. निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणून वर काढल्यावर लालबुंद दिसणारा मासा खोल पाण्यात काळसर दिसतो आणि सावलीत मिसळून जातो. रात्री हिंडणारे अनेक मासे लाल असतात त्याचे कारण हे. उलट पिवळा आणि निळा हे रंग निळ्या पाण्यात दूरवर ओळखू येतात. खडकावर शेकडो जाती दाटीने राहतात. तेथे आपला कोण, परका कोण, हे झटकन ओळखावे लागते. रंग तेथे गणवेशाचे काम करतात.

फुलपाखरू माशाच्या डोळ्यावरून एक काळा पट्टा जातो, त्यामुळे डोळा दिसत नाही. आणि कित्येक जातींत शेपटीजवळ डोळ्यासारखा ठिपका असतो. हल्ला करणारा शेपटीला डोके समजतो आणि मासा भलत्याच दिशेने निसटतो. या माशांपैकी काही केवळ प्रवाळाचे पॉलिपच टिपून खातात. प्रवाळ मेला की त्यांची उपासमार ठरलेली.

पोपट माशाचे दात जुळून चोचीसारखे झालेले असतात. त्या चोचीने तो खडकावरचे शैवाल खरवडतो, त्याबरोबर चुनाही पोटात जातो आणि बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा पोपट मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. लक्षद्वीप-मालदीवच्या पांढऱ्या पुळणींत या माशांचा मोठा वाटा आहे. त्याचे त्याहून मोठे काम म्हणजे शैवालाची छाटणी. तो नसेल तर शैवाल माजते आणि प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा उरत नाही. शेतात निंदण राहिले तर पिकाचे जे होते तेच येथे होते.

विदूषक मासा समुद्रफुलाच्या विषारी स्पर्शिकांत निर्धास्त राहतो, कारण त्याच्या अंगावरील बुळबुळीत लेप त्याला वाचवतो. तो फुलाची राखण करतो, फूल त्याची. यांच्या प्रत्येक कुटुंबात सर्वांत मोठी मादी असते. ती मेली की तिचा जोडीदार नरच काही काळात मादी बनतो. तसाच एक निळा-काळा, बोटाएवढा सफाई मासा. तो एका ठरावीक जागी दुकान मांडून बसतो. मोठमोठे मासे तेथे येऊन तोंड उघडून उभे राहतात आणि हा आत शिरून त्यांच्या कल्ल्यांतील परोपजीवी टिपतो. हेकरूसारखा शिकारी मासाही त्या वेळी त्याला गिळत नाही.

५. मालवणचा समुद्र आणि आंग्रिया

भारतातील मोठे प्रवाळखडक चार ठिकाणी आहेत : कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर, लक्षद्वीप, आणि अंदमान-निकोबार. कच्छच्या आखातात जामनगरजवळ १९८२ साली देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे नरारासारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात.

महाराष्ट्राचा किनारा लांब असूनही तेथे प्रवाळ थोडे, कारण सह्याद्रीवरून पावसाळ्यात उतरणाऱ्या नद्या गोडे पाणी आणि गाळ घेऊन येतात. तरीही १९७९ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद केली, आणि त्यांत मालवणचा समावेश होता. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्याच्याच भोवतीच्या खडकांत ही वस्ती आहे. येथील प्रवाळ बहुतांशी ढिगासारखे किंवा पापुद्र्यासारखे आहेत. गढूळ पाण्यात टिकण्याची शक्ती त्यांनी कमावली आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याच्या गाभाक्षेत्रात सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर येतो.

या घोषणेला तेथील मच्छीमारांनी विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढून, म्हणजे किनाऱ्यावरून सामुदायिक जाळे ओढून जगणाऱ्यांना आपला समुद्र आपल्यालाच बंद होईल अशी भीती वाटली. ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. प्रवाळखडक टिकला तर हेकरू, तांबोशी टिकतील आणि त्यांच्यावर मच्छीमारही जगेल, हे खरे. पण उद्याच्या माशासाठी आज चूल बंद ठेवा, असे सांगणाऱ्याने त्या चुलीचीही काळजी वाहिली पाहिजे. अलीकडे मालवण-तारकर्ली भागात पाण्याखालचे जग दाखवणाऱ्या व्यवसायाने कित्येक कुटुंबांना रोजगार दिला आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पाणबुड्यांचे प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीला आहे. मात्र ज्या खडकावर पाहुणे उतरतात, त्याच्यावरच होडीचे नांगर पडले आणि पाय ठेवले गेले, तर हा रोजगारही फार दिवस टिकणार नाही.

मालवणच्या प्रवाळांहून मोठी वस्ती त्याच समुद्रात दूरवर आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर समुद्रतळाचे एक विस्तीर्ण पठार पाण्याखाली वीसएक मीटरांपर्यंत वर आले आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. किनाऱ्याचा गाळ तेथे पोचत नाही, म्हणून पाणी नितळ आणि प्रवाळ विपुल. परंतु बारा सागरी मैलांच्या पलीकडे असल्यामुळे राज्यातील अभयारण्याचा कायदा तेथवर पोचत नाही. त्यासाठी केंद्राच्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याचा आधार घ्यावा लागतो.

६. रंग उडतो तेव्हा

उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंशाने वाढले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ व शैवाल यांची भागीदारी मोडते. उष्णतेने शैवालाचे काम बिघडते, त्यातून विषारी द्रव्ये तयार होतात आणि प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो. रंग देणारा पाहुणा गेला की पारदर्शक अंगातून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही; तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परतते. न निवले तर प्रवाळ मरतो, त्याच्यावर रानटी शैवाल चढते, प्रवाळभक्षक मासे नाहीसे होतात आणि काही वर्षांत खडकाचा चुना ढासळू लागतो.

जगभर असे संकट १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात आले. चौथे २०२३ साली सुरू झाले. २०२५ पर्यंत जगातील प्रवाळक्षेत्रापैकी पाचांतील चार भागांहून अधिक क्षेत्राला त्याची झळ पोचल्याची नोंद झाली. मालवणच्या प्रवाळांचेही विरंजन गेल्या दशकात अभ्यासकांनी नोंदवले. लक्षद्वीपमध्ये १९९८ पासूनच्या सुमारे पाव शतकात जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आले. दोन संकटांच्या मधले अंतर कमी होत आहे, हे यातले खरे भय. दुष्काळानंतर दुसरा दुष्काळ पडण्याआधी चार बरी वर्षे मिळाली तर शेतकरी सावरतो. लागोपाठ पडले तर घर मोडते.

या तापमानवाढीचे कारण आपल्या परिचयाचे आहे. कोळसा व खनिज तेल जाळून हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड वातावरण तापवतो, आणि त्या वाढीव उष्णतेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग समुद्र पोटात घेतो. शिवाय वायूचा काही अंश पाण्यात विरघळून पाण्याचा क्षारगुण कमी करतो, त्यामुळे चुना रचणे प्रवाळांना अवघड जाते. छिंदवाड्याच्या पट्ट्यात कन्हान-पेंचच्या खाणींतून कोळसा निघतो, तेव्हा आपण या प्रश्नाबाहेर आहोत असे म्हणता येणार नाही. त्याच खाणींनी हजारो घरे जगवली, हेही तितकेच खरे. म्हणूनच प्रश्न कठीण आहे.

७. कन्हानच्या काठावरून

कोणी विचारील की रामाकोन्यात बसून आम्ही काय करावे? दोन गोष्टी अगदी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट घरातली. पूजासाहित्याच्या दुकानांतून ‘इंद्रजाल’ नावाची एक जाळीदार, काळसर, वाळक्या डहाळीसारखी वस्तू विकली जाते. ती दुर्मिळ वनस्पती असल्याचे सांगतात, आणि दृष्ट लागू नये, बरकत यावी म्हणून लोक ती चौकटीत मढवून भिंतीवर लावतात. ती वनस्पती नव्हे. तो समुद्रपंखा किंवा काळे पोवळे, म्हणजे प्रवाळांच्या कुळातील मेलेल्या प्राण्यांचा सांगाडा असतो. खडक रचणारे प्रवाळ, काळे पोवळे आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांची खरेदी-विक्री वाघाच्या कातड्याच्या खरेदी-विक्रीच्या पंक्तीत बसते. पेसोनेलने तीनशे वर्षांपूर्वी दूर केलेला गैरसमज आजही बाजारात खपतो आहे, आणि त्यापायी समुद्रातली वस्ती उजाड होते आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी एवढे जरी समजावून सांगितले, तरी मोठे काम होईल.

दुसरी गोष्ट नदीची. आपली कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिच्या मुखाशी काकिनाड्याजवळ कोरिंगाचे मोठे कांदळवन आहे. वाटेत धरणे आहेत, पुष्कळ गाळ त्यांत अडतो. तरी संत्र्याच्या आणि कपाशीच्या शेतांतून वाहून गेलेले खत, औषध आणि प्लॅस्टिक यांचा प्रवास त्याच दिशेने असतो. ज्यांना गाळ आणि फाजील खत सोसत नाही अशा जीवांची ओळख आज आपण करून घेतली. बांध धरून ठेवणे, उताराला आडवी पेरणी करणे, खत मोजून देणे हे सल्ले शेतकऱ्याला आपल्या मातीसाठी ठाऊक आहेतच. त्या मातीचे दुसरे टोक समुद्रात आहे, एवढेच त्यात जोडायचे.

शाळेसाठी एक सूचना करतो. कन्हानपासून उपसागरापर्यंतच्या जलमार्गाचा मोठा नकाशा मुलांकडून एका भिंतीवर काढून घ्यावा. श्रावणात आणि पौषात नदीचे पाणी बाटलीत घेऊन तळाशी बसणारा गाळ मुलांनी मोजावा आणि वर्षामागून वर्षे त्याची वही ठेवावी. जमेल तेव्हा मुलांची सहल मालवणला किंवा जामनगरला न्यावी. ओहोटीच्या पाण्यात उभे राहून जिवंत प्रवाळ पाहिलेला विद्यार्थी त्याला पुन्हा दगड म्हणणार नाही.